थेट हातात पैसे दिले तर गरिबी खरंच कमी होते का?

सुमेधा_र :
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात मी निवृत्त झाले. हाती येणाऱ्या रकमेतला एक हिस्सा जगातल्या अगदी तळाच्या माणसांसाठी द्यायचा, हे आम्ही दोघांनी नोकरीला लागलो तेव्हाच ठरवलं होतं. अमुक देशातलाच माणूस हवा, असं काही मनात नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत पैसे पोचावेत, एवढीच इच्छा आहे.

शोधता शोधता एक पद्धत कळली. फार गरीब गावं निवडायची आणि तिथल्या घरांना मोबाइलवर थेट पैसे पाठवायचे. अट काही नाही, कशावर खर्च करायचे ते त्यांनी ठरवायचं. मला हे मनापासून पटलं. घरात मात्र वाद झाला. माझे धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पैसे आज आहेत, उद्या संपतील, माणूस पुन्हा तिथेच. त्यापेक्षा हाताला काहीतरी कसब शिकवा, जन्माची सोय होईल." दीर अतिशय दिलदार आहेत, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला उडवून लावता आलं नाही.

रक्कम माझ्यासाठी मोठी आहे आणि ती एकदाच देता येणार आहे. या विषयात कुणी काम केलं असेल, अभ्यास केला असेल तर मोकळेपणाने लिहा. मला चुकायचं नाहीये.

वाटसरू :
ताई, तुमच्या दिरांशी सहमत. आयतं मिळालं की हात चालेनासे होतात. गरिबी पैशाने जात नाही, कष्टाने आणि शिक्षणाने जाते.

नीलपक्षी :
चांगला धागा. वाचते आहे.

आकडेमोड :
वादाआधी आपण कुणाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करू. जागतिक बँकेची अतिगरिबीची रेषा जून २०२५ पासून माणशी रोज ३ डॉलर आहे, त्याआधी २.१५ होती. हे ३ डॉलर विनिमय दराने मोजलेले नाहीत. अमेरिकेत ३ डॉलरला जेवढं येतं, तेवढं त्या त्या देशात घ्यायला जे लागेल ते. म्हणजे "तिकडे स्वस्ताई असते, भागतं त्यांचं" हा युक्तिवाद इथे लागू होत नाही, स्वस्ताई आधीच धरलेली आहे. जेवण, निवारा, कपडे, औषध, सगळं त्यातच.

या रेषेखाली आज सुमारे ८० कोटी माणसं आहेत. जगात दर दहांतला एक. १९९० साली याच मापाने २०० कोटींहून जास्त होती. म्हणजे गरिबी हटतच नाही असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. पण घट सगळीकडे सारखी नाही. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया, भारत इथे ती मोठी झाली. आता उरलेल्यांत बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आहेत, आणि बरेचसे युद्ध किंवा यादवी चालू असलेल्या देशांत. सुमेधाताईंचे पैसे पोचवायला सगळ्यात अवघड जागा नेमक्या त्याच.

रानवारा :
मी तीन वर्षं पश्चिम केनियात सौर दिव्यांच्या कामावर होतो. अभ्यासक नाही, डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो.

कामाच्या वाटेवर एका बाईंचं घर होतं, गवताने शाकारलेलं. गवताचं छप्पर म्हणजे स्वस्त, असं मला वाटायचं. ते स्वस्त नसतं. दर दोन-तीन पावसाळ्यांनी बदलावं लागतं, गवत विकत आणावं लागतं, शाकारणाऱ्याला मजुरी द्यावी लागते. पत्र्याचं छप्पर वीस वर्षं टिकतं, पण त्याचे पैसे एकदम लागतात, आणि एकदम पैसे त्या घरात कधीच नसायचे. त्यामुळे गरीब असल्याबद्दल ती बाई छपरावर श्रीमंतापेक्षा जास्त खर्च करत होती. पाऊस लागला की जिथे गळेल तिथे भांडं. मुलांच्या वह्या पिशवीत घालून वाशाला टांगलेल्या.

त्या गावाला असेच थेट पैसे मिळाले. फोनवर संदेश आला तेव्हा त्यांनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. महिन्याभरात पत्रे चढले. मला खरं आश्चर्य पुढचं वाटलं. त्यांनी पत्र्याच्या कडेला पन्हळ लावली आणि खाली पिंप ठेवलं. पावसाळ्यात पाण्याच्या दोन खेपा वाचल्या. ही गोष्ट त्यांना कुणी शिकवली नव्हती. ती त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं तयार होती, फक्त पन्हळीचे पैसे नव्हते.

वाटसरू, "हात चालेनासे होतात" असं मला तरी कुठे दिसलं नाही.

वाटसरू :
रानवारा, प्रतिसाद सुंदर आहे, पण एका घरावरून जग कसं ठरवायचं? गावात अचानक पैसा आला की भाव भडकत असतील. ज्यांना मिळाले नाहीत त्यांचं काय?

आकडेमोड :
योग्य शंका, आणि नेमकी हीच तपासलेली आहे. त्याच भागात, सियाया परगण्यात, ६५३ गावांत मोठा प्रयोग झाला. १०,५०० हून जास्त घरांना प्रत्येकी साधारण १,००० डॉलर दिले गेले. पैसे देणारी संस्था गिव्हडायरेक्टली, अभ्यास अर्थशास्त्रज्ञांचा. कोणत्या गावांना द्यायचे ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, म्हणजे तुलना निखळ राहते.

निष्कर्ष दोन. भाव वाढले, पण नगण्य, सरासरी ०.१ टक्क्याच्या आसपास. आणि दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली. कारण रानवारांच्या त्या बाईंनी पत्रे घेतले ते कुणीतरी विकले, सुताराला काम मिळालं, सुताराने ते पैसे पुढे खर्च केले. ज्यांना दमडी मिळाली नव्हती, त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली.

मृण्मयी_परिचारिका :
मी आरोग्यसेवेत आहे, म्हणून माझी बाजू थोडी वेगळी. काही गोष्टी अशा आहेत की त्या माणूस रोख पैशातून विकत घेईलच असं नाही, पण त्या मिळाल्या तर जीव वाचतो.

मच्छरदाणीचं बघा. औषध लावलेली मच्छरदाणी मलेरियापासून वाचवते. "फुकट दिली तर किंमत राहत नाही, थोडे पैसे घ्यावेत" असं खूप जण म्हणायचे. केनियातल्या प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांत हे करून पाहिलं. फुकट होती तेव्हा जवळजवळ प्रत्येकीने घेतली. ६० सेंट किंमत लावल्यावर शंभरातल्या साठेक जणी गळाल्या. आणि पैसे देऊन घेणाऱ्या बायका ती जास्त वापरत होत्या असंही नाही.

दुसरं, अतिसार. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली, पिंपांना तोट्या लावल्या आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण जिथे ३० टक्क्यांपर्यंत जाण्याची भीती होती, तिथे ते ४ टक्क्यांच्याही खाली राहिलं. पुढे १९८० पासून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका मुलांच्या आयांना असंच पाणी घरी करायला शिकवत घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून जास्त घरं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट : शिकवणाऱ्या बाईचा पगार किती घरं केली यावर नव्हता. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती येऊन आयांना विचारायची, आणि आयांना जेवढं आठवेल त्यावर पहिलीचा मोबदला ठरायचा. मी हे वाचलं तेव्हा आमच्या विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

सुमेधाताई, तुमच्या दिरांना हे नक्की सांगा. शिकवण्याचं मोल इथे आहेच.

धोंडूतात्या :
मंडळी, सगळं पटतंय, पण आपण देणगीभोवतीच फिरतोय. सर्वात जास्त माणसं गरिबीतून बाहेर आली ती देणगीमुळे नाही. १९७८ च्या हिवाळ्यात चीनच्या आन्हुई प्रांतात श्याओगांग नावाच्या गावात १८ घरच्या शेतकऱ्यांनी रात्री गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले. सामूहिक जमीन आपापसांत वाटून घ्यायची, सरकारचा हिस्सा भरायचा, उरलेलं पीक ज्याचं त्याचं. हा तेव्हा गुन्हा होता. म्हणून त्याच कागदावर हेही लिहिलं की कुणी तुरुंगात गेलं तर बाकीच्यांनी त्याची मुलं १८ वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. पुढच्या हंगामात पीक कित्येक पटींनी वाढलं. माणसं तीच, जमीन तीच. सरकारने पुढे हीच पद्धत देशभर नेली, मग कारखाने आले, आणि चाळीस वर्षांत जवळजवळ ८० कोटी लोक अतिगरिबीतून वर आले.

दुसरी गोष्ट व्यापाराची. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे कापूस पिकवणारे चार देश २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे गेले. मागणी मदतीची नव्हती. श्रीमंत देश आपल्या कापूस शेतकऱ्यांना जे अनुदान देतात त्याने जगातला भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो, ते थांबवा, एवढंच मागणं. एका हाताने मदत द्यायची आणि दुसऱ्या हाताने भाव पाडायचा, याचा मला मनस्वी राग येतो.

वाटसरू :
तात्या, लाख बोललात.

नीलपक्षी :
तात्या, अनुमोदन. पण सुमेधाताई जागतिक व्यापाराचे नियम बदलू शकत नाहीत हो. त्यांच्याकडे एक रक्कम आहे आणि ती आज द्यायची आहे.

मी एक सावधगिरीची गोष्ट सांगते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात 'प्लेपंप' नावाची कल्पना आली होती. मुलांनी खेळायचं गोल फिरणारं चक्र, त्याला जोडलेला पंप. मुलं खेळणार, पाणी वर येणार. २००६ मध्ये मोठ्या देणग्या जाहीर झाल्या, २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. प्रत्यक्षात मुलं दिवसभर थोडीच खेळणार? पाणी तर दिवसभर लागतं. मग मोठ्या बायका ते जड चक्र हाताने ढकलत राहिल्या. काही ठिकाणी आधीचा साधा, चालणारा हातपंप काढून हे बसवलं होतं. छायाचित्रात ते फार गोड दिसायचं, म्हणून पैसे आले. त्या बायकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

चित्रलेखा_म :
हा धागा दोन दिवस वाचते आहे. लिहू की नको करत होते.

मी काही वर्षं एका लघुवित्त संस्थेत हप्ते गोळा करायच्या कामावर होते. दर आठवड्याला बैठक, दहा बायकांचा गट, एकीचा हप्ता चुकला तर बाकी नऊ जणींनी भरायचा. तो भरला जाईपर्यंत कुणी उठायचं नाही, असा नियम होता.

गटातल्या एका बाईंनी शिवणयंत्रासाठी कर्ज घेतलं होतं. शिवण त्या आमच्याच वर्गात शिकल्या होत्या, हात अतिशय सफाईदार. काम मिळत होतं, हप्ते वेळेवर. मग नवरा तापाने पडला. दवाखाना, औषधं, त्याची मजुरी बुडालेली. एका आठवड्यात त्यांचा हप्ता नव्हता. नऊ जणींनी भरला, पण कुणी त्यांच्याशी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात त्या वेळेवर आल्या, पूर्ण हप्ता दिला. मी वहीत सही केली आणि शाबासकी दिली. बाहेर आल्यावर एकीने सांगितलं, यंत्र विकलं म्हणून.

सुमेधाताईंच्या दिरांचं वाक्य वाचल्यापासून ती बाई डोळ्यांसमोर आहे. कसब तिच्याकडे होतं. नव्हतं ते एका तापापुरतं पाठबळ. ज्याच्या गाठीला काही नाही त्याचं पहिलं जातं ते अवजार, आणि अवजार गेलं की शिकलेलं सगळं हातातच राहतं. ती सही करताना मी विचारायला हवं होतं, पैसे कुठून आणलेत. विचारलं नाही. ते अजून सलतं.

रानवारा :
चित्रलेखा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

जुना_शिक्षक :
चित्रलेखाताईंच्या प्रतिसादानंतर मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही.

माझं क्षेत्र शाळा. वाटसरू, तुम्ही शिक्षण म्हणालात ते खरं, पण शिक्षणाच्या आडही बहुतेक वेळा पैसाच असतो. केनियाने २००३ मध्ये प्राथमिक शाळांची फी रद्द केली. दहा लाखांहून जास्त नवी मुलं दाखल झाली. ही मुलं आणि त्यांचे आईबाप आदल्या वर्षी शिक्षणाला विरोध करत नव्हते. २००४ मध्ये किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत जाऊन बसले. लहानपणी पैसे नव्हते, आता शाळा फुकट झाली, म्हणून आले. मी चाळीस वर्षं पहिलीचे वर्ग घेतले. गणवेशातले ते आजोबा मला नेहमी आठवतात.

मेक्सिकोचंही बघा. १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' योजना आली. पैसे आईच्या हातात, अट एवढीच की मुलं शाळेत जायला हवीत आणि आरोग्य तपासणी व्हायला हवी. माध्यमिक वर्गांत मुलींसाठी रक्कम मुलांपेक्षा जास्त, कारण त्या वयात मुली शाळेतून जास्त गळत. ५०६ गावांत मोजमाप केलं : ३२० गावांना आधी, १८६ गावांना नंतर. परिणाम दिसला, म्हणून २००० मध्ये दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं तरी योजना टिकली, नाव तेवढं बदललं. ब्राझीलने २००३ मध्ये 'बोल्सा फामिलिया' त्याच वाटेने उभी केली.

वाटसरू :
गुरुजी, वाचलं. चित्रलेखाताई, तुमचंही. "आयतं" हा शब्द मी मागे घेतो. पण एक प्रश्न उरतोच : ८० कोटी लोकांना प्रत्येक घरी हजार डॉलर कोण देणार? सुमेधाताईंनी एक गाव उचललं तरी पुढे काय?

आकडेमोड :
ढोबळ हिशोब करू. घरात पाच माणसं धरली तर ८० कोटी म्हणजे १६ कोटी घरं. प्रत्येकी १,००० डॉलर म्हणजे १६,००० कोटी डॉलर. श्रीमंत देशांनी २०२३ मध्ये विकासासाठी दिलेली सरकारी मदत २०,००० कोटी डॉलरच्या वर होती. जगाचा २०२४ चा लष्करी खर्च सुमारे २,७०,००० कोटी. म्हणजे रक्कम आवाक्याबाहेरची नाही. अडचण पोचवण्याची आहे, आणि इच्छेची.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के द्यायचे, असं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांत १९७० मध्ये ठरलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्यांनी ते पाळलं. आता तर उलटा प्रवाह आहे. अमेरिकेने आपली मदत संस्था यूएसएड १ जुलै २०२५ ला गुंडाळली, ब्रिटनने ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ वर यायचं जाहीर केलं. अशा वेळी एकट्या माणसाच्या देणगीचं वजन वाढतं, असं मला वाटतं.

परदेशी_चाकरमानी :
थोडं अवांतर. मी राहतो तिथे माझ्याबरोबर नेपाळ, फिलिपिन्स, इथिओपियाचे लोक काम करतात. महिन्याच्या पहिल्या सुट्टीला सगळे पैसे पाठवायच्या रांगेत. असे घरी पाठवलेले पैसे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांना मिळणाऱ्या सगळ्या सरकारी मदतीपेक्षा खूप जास्त असतात. २०० डॉलर पाठवायला सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो. २०३० पर्यंत तो ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. कुणाला एक पैही दान न मागता, नुसतं हे शुल्क निम्मं केलं तरी किती घरांत फरक पडेल!

नीलपक्षी :
अवांतर अजिबात नाही. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

मृण्मयी_परिचारिका :
सुमेधाताईंच्या मूळ प्रश्नाकडे परत येते. रोख की कसब, या वादावर ब्रॅकनेच २००२ पासून एक उत्तर काढलंय, आणि ते चित्रलेखाताईंच्या बाईंना थेट लागू पडतं. सगळ्यात गरीब घर निवडायचं. त्याला कमाईचं साधन द्यायचं, गाय, शेळ्या किंवा छोट्या धंद्याचा माल. पण ते साधन पहिल्या अडचणीत विकावं लागू नये म्हणून सुरुवातीचे महिने घरखर्चाला नियमित रक्कमही द्यायची. बरोबर प्रशिक्षण, बचत, आरोग्याची मदत, आणि दर आठवड्याला कुणीतरी भेटायला येणार. दोन वर्षांत योजनेतून बाहेर.

हे इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत मिळून १०,००० हून जास्त घरांत तपासलं, २०१५ मध्ये निष्कर्ष आले. योजना संपल्यावर वर्षभरानेही त्या घरांचं खाणं, बचत आणि मालमत्ता तुलनेच्या घरांपेक्षा जास्त होती. होंडुरासमध्ये मात्र फसलं. तिथे बऱ्याच जणांनी कोंबड्या घेतल्या आणि रोगाने त्या मोठ्या प्रमाणात मेल्या.

सुमेधा_र :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा पूर्ण धागा दिरांना वाचून दाखवला. शिवणयंत्राच्या गोष्टीपाशी ते म्हणाले, "थांब वहिनी, परत वाच." परत वाचलं. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

ठरलं ते असं : मोठा हिस्सा थेट पैशांसाठी, आणि उरलेला अशा साधन-अधिक-पाठबळ योजनेसाठी. त्यात दिरांनी स्वतःचीही भर घातली आहे. त्यांचा एकच प्रश्न आहे आणि मलाही तो महत्त्वाचा वाटतो : योजना राबवणारी संस्था निवडताना तिच्या अहवालात नेमकं काय बघायचं? सगळ्यांचे अहवाल वाचायला छानच असतात.

नीलपक्षी :
ताई, त्यांनी कुठे चूक झाली ते लिहिलंय का, हे बघा. होंडुरासच्या कोंबड्या मेल्याचं छापणाऱ्यांवर मी विश्वास ठेवीन.

आकडेमोड :
आणि मदत न मिळालेल्या घरांशी तुलना केली आहे का, तेही. नुसतं "आमच्या घरांची कमाई वाढली" पुरत नाही. त्या वर्षी पाऊस चांगला झाला तर सगळ्यांचीच वाढते.

चित्रलेखा_म :
दिरांना माझा नमस्कार सांगा. अजून एक विचारा संस्थेला : घरात आजारपण आलं तर तुमचा माणूस काय करतो? याचं उत्तर पटकन आणि नेमकं आलं तर द्या पैसे.

सुमेधा_र :
लिहून घेतलं. सोमवारी पत्र पाठवते, त्यात पहिला प्रश्न हाच. उत्तर आलं की इथे टाकीन.